न उघडलेली पत्रं

छुप्या कानांसाठी खोलीची झडती घेणारा माणूस एका टप्प्यावर पडदे ओढून दिवे घालवायला सांगतो. तोवर त्यानं रेडिओलहरी टिपणारं यंत्र भिंतींवरून, प्लगांवरून, खुर्च्यांखालून फिरवलेलं असतं आणि ते गप्पच राहिलेलं असतं. आवाज इन्फ्रारेड किरणांवर बसवून बाहेर पाठवणारं उपकरण या यंत्राला सापडणारच नाही, कारण ते रेडिओ वापरत नाही. ते आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश वापरतं. घरी करून बघा. टीव्हीच्या रिमोटचं तोंड मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही, पडद्यावर मात्र जांभळट ठिपका लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्यावर बहुधा हे किरण अडवणारी गाळणी असते, म्हणून पुढचा घ्यायचा. अर्थात ही युक्ती सगळीकडे चालत नाही. लेझरची तरंगलांबी अकराशे नॅनोमीटरच्या पुढे गेली की मोबाइलही आंधळा.

या प्रकाशाची एक अडचण आहे: तो भिंतीतून जात नाही, काचेतून जातो. म्हणून जाणकार माणूस उपकरण शोधण्याआधी त्याची वाट शोधतो. कुठल्या खिडकीतून बाहेरची कुठली खिडकी दिसते, हे तो बघतो.

प्रकाशावरून आवाज नेण्याची कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं १८८० मध्ये फोटोफोन करून दाखवला, तो सूर्यप्रकाशावर चालायचा. ती हेरगिरीला जुंपली रशियन संशोधक लेव थेरेमिननं. लांबून खिडकीच्या काचेवर इन्फ्रारेड झोत टाकायचा आणि आतल्या बोलण्यानं थरथरणारी काच वाचायची, अशी त्याची ‘बुरान’ यंत्रणा होती. मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला १९४५ मध्ये शाळकरी मुलांच्या हातून भेट मिळालेल्या लाकडी राजचिन्हात लपवलेला कानही त्याचाच. त्यात बॅटरी नव्हती, तार नव्हती. बाहेरून लहरी सोडल्या तरच तो जागा व्हायचा. राजदूताच्या घरी तो सात वर्षं भिंतीवर टांगलेला होता, १९५२ मध्ये सापडला.

मला सांगायची आहे ती गोष्ट पुण्याच्या एका खटल्यातली आहे. तिच्यात दिवे घालवून काहीच दिसलं नसतं. तिथंही झडती बाहेर जाणाऱ्या वाटेचीच घ्यावी लागली, फक्त ती वाट लॅपटॉपमधून जात होती.

३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी, कोरेगाव भीमाच्या लढाईला दोनशे वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, तिथं हिंसाचार झाला. ८ जानेवारी २०१८ ला विश्रामबाग पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. १७ एप्रिलच्या पहाटे पुणे पोलिसांची पथकं एकाच वेळी अनेक ठिकाणी पोचली. त्यांतलं एक दिल्लीत मुनिरका भागात कार्यकर्ते रोना विल्सन यांच्या घरी गेलं, एक नागपुरात वकील सुरेंद्र गडलिंग यांच्याकडे. लॅपटॉप, हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह जप्त झाले. ६ जूनला पहिल्या अटका झाल्या. नोव्हेंबरात पुण्याच्या न्यायालयात पाच हजारांहून अधिक पानांचं आरोपपत्र दाखल झालं. त्याच्या केंद्रस्थानी होती पत्रं. कागदावरची नव्हेत, जप्त केलेल्या डिस्कवर मिळालेली. माओवादी संघटनेशी पत्रव्यवहार, पैसा, शस्त्रं आणि पंतप्रधानांच्या हत्येचा कट असं त्यांत आहे, असं पोलिसांचं म्हणणं होतं.

म्हणजे प्रश्न पुण्याच्या अगदी ओळखीचा होता. पत्र अस्सल की बनावट?

शनिवारवाड्यापासून पायी गेलात तर भारत इतिहास संशोधक मंडळ फार लांब नाही. वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये ते सुरू केलं. त्याआधी १८९८ मध्ये त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला होता, पानिपतच्या पत्रांचा. कागदाला उलटतपासणी करायची सवय या शहराला तिथून लागली. जुन्या पत्रांवर बहुतेक वेळा साल नसतंच, नुसता छ म्हणजे चंद्र आणि मुसलमानी महिना असतो. मग मजकुरातल्या घटनांवरून वर्ष ठरवायचं, खरे यांची तिथी-वारांची जंत्री काढायची, तिथी आणि वार जुळतात का ते पाहायचं. बनावट कागद करणारा तिथी बरोबर घालतो आणि वारात फसतो. जेधे शकावलीतली शिवजन्माची नोंद, शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, संशोधकांना पटली त्यामागे हा वार जुळणं हेही एक कारण होतं. ही तपासणी दोन अंगांनी होते. मजकूर आतून तपासायचा: भाषा, पदव्या, मायने, कोणाला कोण काय म्हणेल. आणि वस्तू बाहेरून तपासायची: कागद, शाई, शिक्का, वळण, दप्तरात तो कागद कुठं आणि कशाशेजारी सापडला.

या खटल्यातल्या पत्रांच्या दोन्ही तपासण्या झाल्या. आतली आधी झाली, आणि तिचा धागा मराठी आहे.

सप्टेंबर २०१८. इतिहासकार रोमिला थापर आणि इतरांची याचिका सर्वोच्च न्यायालयात होती, विशेष तपास पथक नेमा अशी. २८ सप्टेंबरला ती दोन विरुद्ध एक मतानं फेटाळली गेली. विरुद्ध मत न्या. धनंजय चंद्रचूड यांचं. त्यात एका पत्राची चर्चा आहे. याच खटल्यातल्या आरोपी सुधा भारद्वाज यांनी ‘कॉम्रेड प्रकाश’ला लिहिलेलं, असं सांगितलं गेलेलं हे पत्र देवनागरीत आहे. त्यावर तारीख नाही, ईमेलचा मथळा नाही. याचिकाकर्त्यांच्या वकिलांनी न्यायालयाला एक टिपण दिलं: पत्रात सतरा ठिकाणी शब्द मराठी वळणानं लिहिलेले आहेत, आणि सुधा भारद्वाज महाराष्ट्राच्या नाहीत, मराठीभाषक नाहीत. न्यायमूर्तींनी हा पत्राच्या खरेपणाविषयीचा गंभीर वादाचा मुद्दा म्हणून नोंदवला, आणि स्वतंत्र तपास हवा असं म्हटलं. पत्र खोटं ठरवलं नाही. तो त्या टप्प्यावरचा प्रश्नच नव्हता आणि बहुमतही त्यांच्याबरोबर नव्हतं.

तरी सतरा हा आकडा वाचून कुठल्याही मराठी माणसाला हसू येईल. आपला माणूस हिंदी लिहायला बसला की प्रत्ययात, संबोधनात, ऱ्हस्व-दीर्घात घर डोकावतंच. आपण ते स्वतःच्या लिखाणात पाहत नाही, दुसऱ्याच्या लिखाणात लगेच पाहतो. पण एवढ्यावरून निकाल देता येत नाही. पत्राची कुणी नक्कल केली असेल, कुणी सांगितलं आणि कुणी उतरवलं असेल. पेशवाईतही सांगणारा एक आणि कारकून दुसरा असायचाच. भाषेवरून शंका घेता येते, ती मिटवायला वस्तू हातात घ्यावी लागते.

वस्तू म्हणजे इथं विल्सन यांच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क आणि एक पेन ड्राइव्ह. कायद्यानुसार आरोपीला मुद्देमालातल्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत मिळते, तशी ती बचाव पक्षाला मिळाली. ती अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेकडे तपासणीला गेली. मार्क स्पेन्सर हे तिचे प्रमुख. ८ फेब्रुवारी २०२१ चा त्यांचा पहिला अहवाल विल्सन यांच्या मुंबई उच्च न्यायालयातल्या याचिकेला जोडला गेला. दुसरा मार्चअखेरीस आला. मी ते एखादी बखर वाचावी तसे नव्हे, पंचनामा वाचावा तसे वाचले. त्यात विशेषणं फार कमी आहेत आणि वेळा फार आहेत.

अहवालाप्रमाणे गोष्ट १३ जून २०१६ ला सुरू होते. त्या दिवशी कवी वरवरा राव यांच्या ईमेल खात्यावरून विल्सन यांना एकामागून एक संदेश आले. खातं राव यांचं, लिहिणारा कोण ते अहवाल सांगत नाही. तो ‘वापरणारी व्यक्ती’ एवढंच म्हणतो, आणि हा जपून निवडलेला शब्द मला आवडला. एक दस्तऐवज उघडा, असा त्या व्यक्तीचा लकडा होता. फाइलीचं नाव ‘अनदर व्हिक्टरी’. विल्सन यांनी ती संध्याकाळपर्यंत उघडली आणि उघडल्याचं कळवलंही. समोर एक साधा दस्तऐवज आला. मागं नेटवायर नावाचा प्रोग्रॅम बसला.

नेटवायर काही कुठल्या सरकारी प्रयोगशाळेतलं गूढ हत्यार नव्हतं. लांबून संगणक चालवायची सोय म्हणून ते इंटरनेटवर पैसे मोजून कुणालाही विकत मिळायचं. मार्च २०२३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेनं त्याची वेबसाइट जप्त केली आणि क्रोएशियात एकाला अटक झाली, तोवर ते सर्रास मिळत होतं. ते बसलं की पलीकडच्या माणसाला कळफलकावरचं प्रत्येक अक्षर मिळतं, पासवर्ड मिळतात, फाइली बाहेर नेता येतात. आणि आतही ठेवता येतात. भिंतीतला कान फक्त ऐकतो, या कानाला हातही होते.

बावीस महिने तो तिथं होता, असं आर्सेनलचं म्हणणं. बाहेर जायची वाट म्हणजे एक सर्व्हर. लॅपटॉपवरच्या फाइलींची नक्कल तिकडे नियमित होत राहायची. लॅपटॉपवर एक फोल्डर तयार करून तो लपवून ठेवलेला होता. लपवलेला म्हणजे नेहमीच्या खिडकीत न दिसणारा. आरोपपत्रात ज्यांच्यावर भर होता ते दहा दस्तऐवज या फोल्डरात पोचवले गेले, असा अहवालाचा निष्कर्ष आहे.

इथून पुढे मला मंडळातल्या दप्तराची आठवण होत राहते. आर्सेनलनं केलं ते शाई आणि कागद तपासण्याचंच काम आहे.

त्यांतल्या काही पीडीएफ फाइली वर्डच्या २०१० किंवा २०१३ च्या आवृत्तीतून तयार झालेल्या होत्या. फाइल स्वतःच्या पोटात हे लिहून ठेवते, कुणी विचारलं नाही तरी. विल्सन यांच्या लॅपटॉपवर होतं वर्ड २००७, आणि पुढच्या आवृत्त्या तिथं कधी असल्याची खूण नव्हती. शिवकालीन म्हणून आणलेल्या पत्राचा कागद गिरणीचा निघावा, तसं हे. एवढ्यानं फाइल दुसऱ्या यंत्रावर तयार झाली हे कळतं. ती दुसऱ्या कुणी मालकाच्या नकळत ठेवली हे कळत नाही, कारण लोक एकमेकांना फाइली पाठवतातच.

दुसरी खूण अधिक बोलकी आहे. विंडोज ज्या पद्धतीनं डिस्कवर फाइलींचा हिशेब ठेवतं, त्यात फाइल काही ठरावीक प्रकारे तयार केली किंवा उघडली की तिला एक ओळखक्रमांक मिळतो. ग्रंथालयातल्या पुस्तकावर पहिल्यांदा बाहेर गेल्याचा शिक्का बसावा तसा. या दहांपैकी एकाही दस्तऐवजाला तो नव्हता. ते दस्तऐवज किंवा तो लपवलेला फोल्डर त्या लॅपटॉपवर कधी उघडला गेल्याचा कसलाही पुरावा मिळाला नाही, असं अहवाल म्हणतो. ज्या पत्रांवरून कट रचला जात असल्याचा आरोप होता, ती पत्रं ज्याच्याकडे सापडली त्यानं, अहवालाप्रमाणे, कधी उघडलीच नव्हती.

तिसरी म्हणजे वंशावळ. कुठल्या प्रोग्रॅमनं कुठला प्रोग्रॅम चालवला, त्यानं पुढं कुठली आज्ञा दिली, याची साखळी यंत्रात उरते. दुसऱ्या अहवालात आणखी बावीस फाइलींच्या मागे जाताना आर्सेनलनं अशा साखळ्या जोडल्या आहेत. नेटवायर आजोबा, त्याच्या पोटी आज्ञांची खिडकी, तिच्या पोटी गठ्ठा सोडवणारा प्रोग्रॅम, आणि त्यातून बाहेर पडलेली फाइल.

चौथी खूण म्हणजे वेळ. घुसखोरानं केलेला शेवटचा बदल १६ एप्रिल २०१८ च्या दुपारी ४ वाजून ५० मिनिटांचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर पुणे पोलीस आले.

इतिहासाच्या विद्यार्थ्यानं इथं थांबून श्वास घ्यावा. दोन घटना पाठोपाठ घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे राजवाड्यांपासून सगळ्यांनी सांगितलेलं आहे. आर्सेनलनंही घुसखोराचं नाव घेतलेलं नाही. पण पाठोपाठ घडणं एकदाच झालं असतं तर गोष्ट वेगळी. गडलिंग यांच्या संगणकाचा अहवाल जुलै २०२१ मध्ये बाहेर आला: वीस महिन्यांहून अधिक काळ घुसखोरी, तोच घुसखोर, किमान चौदा पत्रं. डिसेंबर २०२२ मध्ये याच खटल्यातले आणखी एक आरोपी फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकाचा अहवाल आला. त्यांच्या संगणकात २०१४ पासून घुसखोरी होती. १२ जून २०१९ ला पुणे पोलिसांनी तो जप्त केला. घुसखोरानं आपल्या पाऊलखुणा पुसायला घेतल्या ११ जूनला. स्वामींना हा अहवाल दिसला नाही. ५ जुलै २०२१ ला, कोठडीत असतानाच, वयाच्या ८४व्या वर्षी ते मुंबईच्या रुग्णालयात वारले होते.

दुसरी बाजू अशी. जानेवारी २०२० पासून तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे, एनआयएकडे आहे. लॅपटॉपच्या सरकारी न्यायवैद्यक तपासणीत घातक प्रोग्रॅम आढळला नाही आणि आरोपींविरुद्ध कागदोपत्री व तोंडी पुरावा भरपूर आहे, असं तिच्या प्रवक्त्यांनी सांगितलं. उच्च न्यायालयात तिचा मुद्दा असा, की आर्सेनलचा अहवाल आरोपपत्राचा भाग नाही, तो वादग्रस्त वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि अशा प्रश्नांचा निकाल खटल्यात साक्षीपुराव्यानंच लागायला हवा. कायद्याच्या अंगानं हे म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. अहवाल बचाव पक्षाच्या बाजूनं आलेला आहे, त्याच्या लेखकाची उलटतपासणी झालेली नाही. वृत्तपत्रांनी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तो वाचून घेतला आणि त्यांना तो भक्कम वाटला, पण वृत्तपत्र म्हणजे न्यायालय नव्हे.

आर्सेनलच्या बाहेरचेही काही कागद आहेत. जून २०२० मध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि टोरांटोच्या सिटिझन लॅबनं दाखवलं, की २०१९ मध्ये भारतातल्या नऊ मानवाधिकार कार्यकर्त्यांना सापळ्याचे ईमेल गेले होते. त्यातही नेटवायर होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सेंटिनलवन या सुरक्षा कंपनीनं या घुसखोरांच्या टोळीला ‘मॉडिफाइड एलिफंट’ असं नाव दिलं आणि तिचा माग किमान २०१२ पर्यंत नेला. नाव भारदस्त आहे, हत्यारं मात्र बाजारातली साधीच. त्याच वर्षी जूनमध्ये ‘वायर्ड’ मासिकानं सेंटिनलवनच्या संशोधकांच्या आणि एका ईमेल कंपनीतल्या नाव न सांगितलेल्या विश्लेषकाच्या आधारे लिहिलं, की घुसखोरी झालेल्या काही ईमेल खात्यांना, ती परत मिळवण्यासाठीचा पत्ता आणि फोन क्रमांक म्हणून जे जोडलं गेलं, ते पुण्यातल्या एका पोलीस अधिकाऱ्याकडे बोट दाखवतं. हा मासिकाचा दावा आहे. न्यायालयात तो सिद्ध झालेला नाही, म्हणून तो मी वेगळ्या कप्प्यात ठेवतो. मंडळातही असे कागद असतात: महत्त्वाचे, पण आधारासाठी दुसरा कागद मिळेपर्यंत वाट पाहणारे.

या सगळ्यात मला सर्वात किरकोळ वाटणारी आणि सर्वात जास्त खटकणारी गोष्ट हॅशची आहे. डिस्क जप्त करताना तिच्यावरच्या सगळ्या मजकुरातून एक ठरावीक लांबीची संख्या काढता येते. आज रूढ असलेल्या पद्धतीत ती ६४ अक्षरांची असते. डिस्कवर कुठंही एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी संख्या बदलते. मोडीतल्या पत्राच्या शेवटी ‘लेखनसीमा’ किंवा ‘मोर्तब सूद’चा शिक्का उठवायचे ते याच भीतीनं, की खालच्या मोकळ्या जागेत नंतर कुणी ओळ घुसडू नये. जप्तीच्या जागीच ही संख्या काढून आरोपीला दिली नाही, अशी बचाव पक्षाची तक्रार आहे. अठराव्या शतकातल्या कारकुनाला जे सुचलं ते एकविसाव्या शतकातल्या पंचनाम्यात रकाना म्हणून छापलेलं असायला काय हरकत होती?

८ जानेवारी २०२५ ला, गुन्हा नोंदवला गेला त्याला बरोबर सात वर्षं होत असताना, मुंबई उच्च न्यायालयानं विल्सन आणि त्यांचे सहआरोपी सुधीर ढवळे यांना जामीन दिला. सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात, आरोपनिश्चिती अजून नाही, साक्षीदार तीनशेहून अधिक, खटला नजीकच्या काळात संपण्याची चिन्हं नाहीत, अशी कारणं दिली. गुणदोषांत आम्ही जात नाही, असंही सांगितलं. त्यामुळे वर्डची आवृत्ती, न बसलेला शिक्का आणि ४ वाजून ५० मिनिटं यांवर त्या आदेशात एक शब्द नाही.